झेंडूच्या पाण्याला अंग कसं येतं?

प्रश्न : दसऱ्याला झेंडूचा भाव असा कोसळला की आम्ही निम्मी क्रेट बांधावरच ओतली. मुलीने त्यातली चार ओंजळी फुलं पातेल्यात उकळली. पाणी हळदीच्या वरताण पिवळं झालं. तिने ते ब्रशने कागदावर लावलं, तर चहा सांडल्यासारखा डाग उरला, आणि खिडकीत ठेवलेला तो कागद दिवाळीपर्यंत फिकाही पडला. पाण्यात एवढा रंग आहे, मग चित्रात का येत नाही? ट्यूबमध्ये मिळतो तसा रंग घरी करता येईल का?
— एक वाचक, पारनेर तालुका

उत्तर : करता येतो. मुलीचं काही चुकलेलं नाही. घोळ आहे तो आपल्या भाषेचा. रंगाऱ्याच्या पिंपातला तोही रंग आणि चिताऱ्याच्या वाटीतला तोही रंगच. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या जिनसा आहेत. रंगाऱ्याचा रंग पाण्यात विरघळतो आणि सुताच्या आत शिरतो. चिताऱ्याचा रंग पाण्यात विरघळत नाही. गेरू, काजळी, खडू ही सगळी न विरघळणारी भुकटी. डिंकाच्या पाण्यात ती तरंगते आणि पाणी सुकलं की कागदाच्या अंगावर थर धरून बसते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर दोन काचेचे पेले घ्या. एकात चमचाभर गेरू कालवा, दुसऱ्यात झेंडूचं गाळलेलं पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गेरू तळाशी बसलेला असेल आणि वरचं पाणी जवळजवळ नितळ. झेंडूचं पाणी मात्र होतं तसंच पिवळं राहील, कारण त्यात बसण्यासारखं काही नाहीच. मुलीने जे कागदावर लावलं तो रंगाऱ्याचा रंग होता. त्याला अंग नाही. ते देण्याचं काम तुरटी करते.

दाढीनंतर गालाला लावतात किंवा गढूळ पाण्यात फिरवतात तीच ही तुरटी. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असतं. तुरटीच्या पाण्यात सोडा पडला की अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा, जेलीसारखा साका तयार होतो आणि तयार होता होताच तो पाण्यातला रंग स्वतःला चिकटवून घेतो. मग दोघे मिळून तळाशी बसतात. अशा रंगाला इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात. त्याचा तळ्याशी काही संबंध नाही. तो शब्द आपल्या लाखेवरून गेला आहे. लाखेच्या किड्याचा लाल रंग असाच साक्यावर बसवत, त्याचं नाव पुढे सगळ्याच अशा रंगांना चिकटलं.

आता कृती. सुकवलेल्या पाकळ्या 100 ग्रॅम घ्या. ओली फुलं असतील तर किलोभर तरी लागतील. हिरवे देठ काढून टाका, नाहीतर पिवळ्यात मळकटपणा येतो. दोन लिटर पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवा. पातेलं स्टीलचं हवं. लोखंडी कढईत हा उद्योग केलात तर पिवळ्याचा शेवाळी होतो. पाणी बोअरचं नको. आपल्याकडचं क्षाराचं पाणी रंगाची छटाच बदलून टाकतं. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं घ्या.

उकळताना एक गंमत दिसेल. केशरी फुलं टाका नाहीतर पिवळी, पाणी जवळपास एकाच रंगाचं होतं. फुलाचा जो केशरी आपल्याला दिसतो तो तेलात विरघळणारा असल्यामुळे चोथ्यातच राहतो. पाण्यात उतरतो तो दुसराच पिवळा, जो फुलात नुसत्या डोळ्यांना जाणवतही नाही.

पाणी गाळून गरम असतानाच त्यात 30 ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा. दुसऱ्या भांड्यात कपभर गरम पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याच्या सोड्यानेही काम होतं, पण तो जास्त लागतो. मग सोड्याचं पाणी थोडं थोडं ओता आणि हात आवरता ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पातेलं काठोकाठ भरलेलं होतं आणि सोडा एकदम ओतला. पिवळा फेस उतू जाऊन शेगडीवर, तिथून ओट्यावर, तिथून फरशीच्या सांध्यात. तो सांधा अजून पिवळा आहे आणि घरात त्याचा उल्लेख पाहुण्यांसमोर होतो. दोन लिटर पाण्याला पाच लिटरचं भांडं घ्या.

सोडा किती झाला हे ओळखायला बाजारातला लिटमस कागद लागत नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाची पट्टी पुरे. तिच्यावर थेंब टाका. पट्टी पिवळी आहे तोवर ठीक. लालसर व्हायला लागली की सोडा जास्त झाला; आणखी घालत गेलात तर बसलेला साका पुन्हा विरघळायला लागतो आणि पिवळा तपकिरीकडे झुकतो.

रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी ओतून द्या, नवं घाला, ढवळा, पुन्हा बसू द्या. असं तीन-चार वेळा कराच. इथे कंटाळा केला तर साक्यात क्षार राहतात आणि महिन्याभराने चित्रावर पांढरी पूड फुटते, जुन्या भिंतीला लोणा धरतो तशी. धुतलेलं पाणी कायम गडद पिवळं दिसत राहिलं तर समजा की तुरटी कमी पडली, रंग पाण्यातच राहिला. शेवटी जुन्या धोतराच्या चौघडीतून गाळा. पहिलं पाणी गढूळ उतरतं, ते परत वर ओता. कापडावर श्रीखंडाच्या चक्क्यासारखा गोळा राहील. तो ताटलीत पसरून सावलीत सुकवा. नगरच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत खडखडीत होतो. पावसाळ्यात मात्र सुकायच्या आधी बुरशी येते.

आणि हाती काय लागतं? किलोभर फुलांतून जेमतेम सहा-सात ग्रॅम, म्हणजे दोन चमचे भुकटी. यात तुमची कसूर नाही. 30 ग्रॅम तुरटीतून साकाच पाचेक ग्रॅम निघतो, बाकी सगळं धुण्यात जातं. चुलत्याने विचारलं की उरलेल्या फुलांचा हा धंदा होईल का, तर त्याला हा आकडा आधी सांगा.

भुकटी झाली म्हणजे रंग झाला असं नाही. ती खलात कुटून मग जाड काचेवर थोड्या पाण्याने घोटायची. बोटांत चोळून पाहा. खरखर लागते तोवर घोटत राहा. बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळून घ्या. त्यात मधाचे काही थेंब, म्हणजे सुकल्यावर रंगाला तडे जात नाहीत, आणि लवंगतेलाचा एक थेंब, म्हणजे बुरशी लागत नाही. लाडवांसाठी आणलेला डिंक वापरायचा झाला तर तो बाभळीचाच आहे ना ते विचारा. धावड्याचा नीट विरघळत नाही, त्याचे डोळे राहतात. हे सगळं घोटून शिंपल्यात किंवा औषधाच्या रिकाम्या झाकणात वाळवलं की जलरंगाची वडी तयार. ओला ब्रश फिरवा आणि मुलीला पुन्हा कागदावर लावायला सांगा. या वेळी रंग कागदावर बसेल.

प्रश्न : आमच्याकडे कांद्याची सालं पोत्याने आणि डाळिंबाची टरफलं पाटीने निघतात. त्यांचे रंग होतील? आणि बीट, जास्वंद, गोकर्ण?
— एक वाचक, राहाता

उत्तर : पहिली दोन जरूर करा. कांद्याच्या कोरड्या सालीतून जुन्या सोन्यासारखा तपकिरी पिवळा येतो. नेप्तीच्या कांदा बाजारात लिलावानंतर जमिनीवर जो पापुद्र्यांचा थर उडत असतो, तो या दृष्टीने पाहिलात तर पोतं घेऊनच जाल.

डाळिंबाची साल फसवते. राहुरी विद्यापीठाच्या ‘भगवा’ वाणाचं टरफल इतकं लाल असतं की लाल रंग येणार असं वाटतं, आणि येतो पिवळा. त्या सालीत टॅनिन भरपूर असतं. म्हणूनच साल उकळलेल्या पाण्यात चिमूटभर हिराकस टाकलं की डोळ्यांदेखत ते पावसाळी ढगासारखं काळपट होतं. हिराकस म्हणजे कृषी सेवा केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतं तेच. अकोल्याच्या डोंगरातला हिरडाही असाच वागतो. मात्र डाळिंबावर फवारायला आणलेलं मोरचूद घरात असतं म्हणून त्याने हिरवा रंग करायला जाऊ नका. ते विष आहे आणि भुकटी घोटताना नाकात जातं. रंगाची भांडी स्वयंपाकात परत आणू नका हेही सांगून ठेवतो. घरातल्या माणसाने विचारायच्या आधी ती वेगळी काढलेली बरी.

बीट सोडून द्या. त्याचा रंग तुरटीला धड धरत नाही आणि उन्हात लगेच जातो. जास्वंद आणि गोकर्ण मुलांना दाखवायला छान: लिंबू पिळा, सोडा टाका, रंग पालटतात. जे इतक्या सहज पालटतं ते चित्रात टिकेल कसं? पळसाच्या फुलांचं पाणी धुळवडीपुरतंच ठेवा.

लाल हवा असेल तर काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठ आणा. तिची मुळं जाडसर कुटून रात्रभर भिजवा आणि पाणी नुसतं गरम करा, उकळू देऊ नका. उकळलं की लालात विटकरी शिरते. बाकी कृती झेंडूचीच. घरी होणाऱ्या रंगांत मला हाच सर्वात भरवशाचा वाटतो.

निळा विचाराल तर नीळ. तिला तुरटीचा खटाटोप नाही, कारण ती मुळातच पाण्यात विरघळत नाही. वडी मिळाली की सरळ घोटायची. फक्त कपड्यांना घालायची नीळ ही नव्हे, आणि केसांसाठी पुडीत मिळते तीही नव्हे. ती नुसती वाटलेली पानं असतात.

प्रश्न : मग आपल्याकडचे जुने चितारी असेच फुलापानांचे रंग वापरत का? नगरमध्ये तसं काही आहे?
— एक विद्यार्थिनी, नगर

उत्तर : नगरमध्ये होतं. हुसेन निजामशहाच्या दरबारात आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचलं. त्यात 1565 च्या तालीकोटच्या लढाईचं वर्णन आहे आणि बेगम खुंजा हुमायून हिचंही. त्याची सचित्र पोथी आज पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. बेगमेचे दिवस फिरल्यावर बऱ्याच चित्रांतून तिची आकृती पुसून झाकून टाकली गेली. एका चित्रात तरुणीच्या स्पर्शाने झाड फुललं आहे. संस्कृत कवींचा तो दोहदाचा संकेत. फुलांच्या रंगांवर लिहिताना मला ते झाड हटकून आठवतं.

पण ‘सगळं फुलापानांचं’ ही आपली भाबडी समजूत आहे. जुन्या लघुचित्रांत मोठा भार दगडमातीच्या रंगांचा: हिंगूळ, हरताळ, गेरू. काळ्यासाठी काजळी. वनस्पतींपैकी मानाची जागा निळीची. हरताळात नीळ मिसळून हिरवा करत. लाल कधी लाखेचा असे, म्हणजे किड्याचा. अजिंठ्याचे रंगही बहुतेक खनिज आहेत, निळा तर अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. मंजिष्ठ, आल, हळद यांचा खरा संसार रंगाऱ्याकडे, कापडावर होता. तो मोडला जर्मनांनी: 1869 मध्ये कारखान्यात मंजिष्ठाच्या जातीचा लाल निघाला, 1897 मध्ये नीळ बाजारात आली, आणि पुढे रंगाऱ्याला मुळं उकळायचं कारण उरलं नाही.

फुलापानांचा रंग चित्रात घातला की काय होतं ते युरोपात पाहायला मिळतं. व्हरमीरच्या ‘छोटी गल्ली’ या चित्रात भिंतीवरच्या वेलीची पानं निळसर दिसतात. त्याने ती हिरवीच रंगवली होती. हिरव्यातला पिवळा वनस्पतीचा होता, तो साडेतीनशे वर्षांत उडाला आणि निळा मागे राहिला.

आपल्याकडे हळदीचं उदाहरण घरातच आहे. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन कुंकू करत; पिवळ्याचा लाल करण्याची ही किमया कुठल्याही रसायनशाळेपेक्षा जुनी. पण हळद उन्हाला फार कच्ची. कुंकू रोज नवं लावायचं असतं म्हणून चाललं, चित्राला ते परवडत नाही.

म्हणून पारनेरच्या त्या मुलीला आणि तुम्हालाही एक काम सांगतो. जाड कागदाच्या पट्टीवर झेंडू, कांदा, डाळिंब, मंजिष्ठ असे केलेले सगळे रंग एकेका बोटभर लावा. पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत काचेला चिकटवा. फेब्रुवारीत लावलीत तर मेअखेर काढा. माझ्या पट्टीवर मंजिष्ठाच्या दोन अर्ध्यांत फरक शोधावा लागला. झेंडूचा उघडा अर्धा ताकासारखा झाला होता. तेव्हापासून झेंडू मी वहीच्या आतल्या पानांवर वापरतो. ती उघडली तरच त्याला उजेड लागतो.