आउटडोअर चाकूसाठी स्टील कोणतं घ्यावं? आधी भट्टी बघा, मग स्टीलचं नाव



चाकू बनवण्याच्या व्यवसायावर व्हिडिओ केला, त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता: "सर, पात्यासाठी बेस्ट स्टील कोणतं?" व्हिडिओत याचं उत्तर दोन मिनिटांत आटपावं लागलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी आपल्याच एका बॅचमधल्या मुलाची गोष्ट सांगतो. घरात पिढीजात लोहारकाम. कोयते, विळे, खुरपी यात वडिलांचा हातखंडा. मुलाने ठरवलं की ट्रेकिंगवाल्यांसाठी न दुमडणारा, म्यानात बसणारा चांगला चाकू करायचा. कल्पना उत्तम होती. इंटरनेटवर वाचलं की डी२ स्टील भारी असतं. साठवलेल्या पैशातून डी२ची पट्टी आणली, २० चाकू घडवले, शिसवीच्या मुठी बसवल्या, चामड्याची म्यानं शिवून घेतली. वडील ज्या कोळशाच्या भट्टीत कोयत्याला पाणी देतात, त्याच भट्टीत, तेवढंच लाल करून या पात्यांना तेलात पाणी दिलं. २० चाकू विकले गेले. महिनाभरात ११ परत आले. तक्रार सगळ्यांची सारखीच: दोन लाकडं तासली की धार दुमडते.

पैसे परत करावे लागले, वर येण्याजाण्याचं कुरिअर खिशातून. तो मला म्हणाला, "सर, दुकानदाराने डुप्लिकेट स्टील दिलं." आम्ही तुकडा तपासून घेतला. स्टील अस्सल डी२ होतं. चूक कुठे झाली? डी२ला साधारण १०१० ते १०३० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि त्या तापमानावर काही वेळ स्थिर धरावं लागतं. कोयत्याच्या स्टीलला जो लाल रंग पुरतो तो ८०० अंशांच्या आसपासचा. तेवढ्यात डी२ पूर्ण कडक होतच नाही. म्हणजे महागाचं स्टील घेऊन त्याने मऊ चाकू बनवला.

आजचा धडा एवढाच आहे: जे स्टील तुम्ही नीट कडक करू शकता आणि तुमचं गिऱ्हाईक नीट सांभाळू शकतं, तेच तुमच्यासाठी बेस्ट. आता पायरी पायरीने बघू.

स्टीलला विचारायचे चार प्रश्न

१. धार किती टिकते? स्टीलमध्ये कठीण कण, म्हणजे कार्बाइड, जितके जास्त तितकी झीज कमी.

२. मार किती सोसतं? फांदी तोडताना, लाकूड फोडताना धारेचा तुकडा उडता कामा नये. याला चिवटपणा म्हणू.

३. गंज किती धरतं? घाम, पाऊस, खारी हवा, लिंबाचा रस, सगळं यात आलं.

४. धार परत लावणं किती सोपं? जंगलात गिऱ्हाइकाकडे मशीन नसतं, छोटा दगड असतो.

चारही प्रश्नांत पहिला नंबर काढणारं स्टील नाही. धार फार टिकणारं स्टील बहुतेक वेळा चिवटपणात मागे पडतं आणि दगडावर धार लावून घ्यायला त्रास देतं. म्हणून आधी गिऱ्हाईक ठरवा, मग स्टील.

बाजारात मिळणारे पर्याय

स्प्रिंग स्टील (५१६० आणि त्याच्या जवळचे ग्रेड): ५१६० मध्ये कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम सुमारे ०.८ टक्के. चिवटपणात हे जोरदार. फांदी तोडा, लाकूड फोडा, सहसा तुकडा उडत नाही. धार दगडावर पटकन लागते. गंज मात्र धरतं. गाडीचे जुने पाटे याच जातीचे, पण एक लक्षात ठेवा: सगळे पाटे ५१६०चे नसतात. आपल्याकडे ईएन ४५ म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचे पाटेही भरपूर असतात, आणि जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. घरच्या कोयत्याला ते चालून जातं. नावाने विकायच्या मालाला नवी पट्टी घ्या, टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या.

ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील, परदेशात ५२१००): कार्बन जवळपास १ टक्का, क्रोमियम सुमारे १.४ टक्के. धार ५१६० पेक्षा जास्त टिकते, बारीक आणि सुंदर लागते. पण पाणी देताना तापमानात हयगय चालत नाही. गंज यालाही येतो.

डी२: कार्बन सुमारे १.५ टक्के, क्रोमियम सुमारे १२ टक्के. धार खूप टिकते, चिवटपणा बेताचा. क्रोमियम एवढं असूनही हे पूर्ण स्टेनलेस नाही, कारण बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून बसतं. ओलं ठेवलं तर डाग पडतात. बाजारात याला एचसीएचसीआर म्हणतात, पण त्याच नावाने डी३ सुद्धा विकलं जातं. डी३ मध्ये कार्बन आणखी जास्त असतो आणि ते जास्त ठिसूळ. म्हणून बिलावर "एचसीएचसीआर" नाही, "डी२" असं स्पष्ट लिहून घ्या.

स्टेनलेस (४४०सी, १४सी२८एन): ४४०सी मध्ये कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम सुमारे १७ टक्के. १४सी२८एन हे मूळ स्वीडनचं स्टील, क्रोमियम सुमारे १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन. यात कार्बन कमी असल्याने धार बारीक लागते, चिवटपणाही चांगला. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत, मासेमारीत, बोटीवर अशा स्टीलला पर्याय नाही. पण यांना सुमारे १०५० अंशांच्या घरातली नियंत्रित भट्टी लागतेच.

आणि एक इशारा: भांड्यांचं ३०४ स्टेनलेस चाकूला वापरू नका. ते पाणी देऊन कडक होतच नाही. दिसायला चकाचक, कामाला शून्य.

मोठ्या कंपन्याही एकाच स्टीलवर अडून बसत नाहीत. स्वीडनची मोरा कंपनी आपला कम्पॅनियन हा चाकू कार्बन स्टीलमध्येही देते आणि स्टेनलेसमध्येही. चाकू तोच, गिऱ्हाईक वेगळं.

तुमच्याकडे भट्टी कोणती?

कोळशाची किंवा गॅसची साधी भट्टी असेल तर ५१६० सारख्या स्टीलवर राहा. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. चुंबक सुटलं की आणखी थोडं तापवायचं, सगळं पातं एकसारख्या रंगावर आणायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून लोखंडी झाकण हाताशी ठेवा. मग लगेच टेम्परिंग: साधारण २०० अंशांवर दोन तास, असं दोनदा. टेम्परिंग टाळलं तर पातं काचेसारखं फुटेल.

डी२ किंवा स्टेनलेस करायचं असेल तर काम बाहेर द्या. भोसरी, शिरोली, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत चौकशी केलीत तर हीट ट्रीटमेंटचं जॉबवर्क करणारे सापडतील. जाताना तीन गोष्टी कागदावर न्या: स्टीलचा ग्रेड, हवा असलेला कडकपणा आणि पात्याची जाडी. कडकपणा रॉकवेल सी, म्हणजे एचआरसीमध्ये मोजतात. दणकट कामाच्या ५१६० चाकूला ५६ ते ५८, डी२ला ५९ ते ६१ ही सर्वसाधारण रेंज. माल घेताना कडकपणाचा रिपोर्ट घ्यायचाच.

आता खर्चाचं गणित

बरेच जण म्हणतात, "सर, डी२ महाग पडतं." किती महाग? २५० मिमी लांब, ४० मिमी रुंद, ४ मिमी जाड पट्टी धरा. ४० घन सेंटिमीटर गुणिले ७.८५, म्हणजे ३१४ ग्रॅम. पुढचे आकडे फक्त गणित समजावं म्हणून घेतोय, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

साधं स्टील १२० रुपये किलो, भारी स्टील ४०० रुपये किलो. एका चाकूला ३८ रुपये आणि १२६ रुपये. फरक फक्त ८८ रुपये! पण पुढे बघा. भारी स्टील घासायला अर्धा तास जास्त लागला आणि तुमचा तास २०० रुपयांचा, तर आणखी १००. जॉबवर्कवाल्याचा किमान आकार २,००० रुपये असेल तर १० चाकूंमागे प्रत्येकी २००, ४० चाकूंमागे प्रत्येकी ५०. म्हणजे १० चाकूंच्या लॉटमध्ये भारी स्टील ३८८ रुपयांनी महाग पडलं, ४० च्या लॉटमध्ये २३८ रुपयांनी. बघितलंत? खरा खर्च स्टीलच्या किलोत नसतो, तो तासात आणि लॉटमध्ये असतो. आणि परत आलेला एक चाकू पाच चाकूंचा नफा खाऊन जातो.

विकण्याआधी स्वतः तपासा

प्रत्येक लॉटमधलं एक पातं चाचणीसाठी बाजूला काढा. पाणी दिल्यावर धारेवर कानस फिरवा. कानस घसरली पाहिजे, चावली तर पातं मऊ आहे. टेम्परिंग आणि धार झाल्यावर वाळलेल्या बांबूवर ५० घाव घाला, मग उजेडात धार बघा. चमकणारी रेघ दिसली तर धार दुमडली, दाते दिसले तर तुकडे उडाले. शेवटी तेच पातं मोडा. आतला दाणा बारीक, राखाडी मखमलीसारखा हवा. साखरेसारखा जाड दाणा दिसला तर पातं जास्त तापलं होतं. एक पातं वाया गेल्याचं दुःख करू नका, ही तुमची फी आहे.

प्रत्येक चाकूसोबत छोटं कार्ड द्या: स्टीलचं नाव, कडकपणा, आणि कार्बन स्टील असेल तर "वापरून झाल्यावर पुसा, तेलाचा हात फिरवा, ओल्या म्यानात ठेवू नका." गंजाची निम्मी तक्रार या कार्डानेच मिटते.

कायद्याचंही भान ठेवा. शस्त्र नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. डिझाइन पक्कं करण्याआधी वकिलाला आणि स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

त्याने परत आलेली पाती फेकली नाहीत. मुठी काढल्या, जॉबवर्कवाल्याकडून पाती मऊ करून घेतली आणि पुन्हा योग्य तापमानावर कडक करून घेतली. काही वाकली, ती गेली. उरलेली आधीच्याच गिऱ्हाइकांना फोन करून, चूक कबूल करून पाठवली. पण नवा माल तो आता ५१६० मध्ये, वडिलांच्या भट्टीवर, चुंबक लावून करतो. वडिलांचा डोळा आणि मुलाचा हिशोब, दोन्ही कामी आलं.

गृहपाठ: वहीत चार ओळी लिहा. माझं गिऱ्हाईक कोण? ते चाकूने रोज काय करणार? माझ्याकडे भट्टी कोणती? पहिला लॉट कितीचा? या चार उत्तरांखाली एकच स्टीलचं नाव लिहा. दोन नावं लिहावीशी वाटली तर समजा की गिऱ्हाईक अजून ठरलेलं नाही.

तुमची उत्तरं व्हिडिओखाली टाका, पुढच्या भागात त्यातली काही घेऊन बोलू. तोवर कामाला लागा, आणि हो, डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर चालू करायचा नाही!