लॅक्रॉसची काठी आणि गुणपत्रिका : परदेशी कॉलेजच्या संघापर्यंतचा रस्ता



ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं होतं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळलं जाणार, हा निर्णय तिथेच झाला आणि आपण सगळे खूश झालो. पण त्याच निर्णयात आणखी एक खेळ होता, तो म्हणजे लॅक्रॉस. आज आपण या खेळाची ओळख करून घेऊ आणि एखादा मुलगा किंवा मुलगी या खेळाच्या जोरावर परदेशातल्या कॉलेजात कशी पोहोचते, तेही पाहू.

खेळ कसा असतो?

टोकाला जाळी असलेली काठी हातात धरायची. रबरी चेंडू जाळीत झेलायचा, पळत न्यायचा, साथीदाराकडे फेकायचा आणि शेवटी गोलमध्ये मारायचा. मैदानी प्रकारात प्रत्येक संघात 10 खेळाडू असतात. उत्तर अमेरिकेतल्या हॉडेनोशोनी आणि इतर मूळ रहिवाशांचा हा फार जुना खेळ आहे. कॅनडात त्याचा एक बंदिस्त प्रकारही खेळतात, त्याला बॉक्स लॅक्रॉस म्हणतात. त्यात जागा कमी आणि गोल लहान असतो, म्हणून नेम पक्का लागतो.

दोन जुळे भाऊ

गॅरी आणि पॉल गेट हे कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातले जुळे भाऊ. दोघंही बॉक्स लॅक्रॉस खेळतच मोठे झाले. 1980 च्या दशकात ते अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात शिकायला गेले. लहान गोलवर घोटलेला नेम तिथल्या मोठ्या गोलवर फारच उपयोगी पडला. 1988 च्या उपांत्य सामन्यात गॅरीने गोलच्या मागून उडी मारली आणि आडव्या दांड्यावरून चेंडू आत घातला. एकदा नाही, दोनदा! 1988, 1989 आणि 1990 अशी सलग तीन वर्षं सिराक्यूजने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं.

ही गोष्ट वाचून वाटतं, खेळ चांगला असला की झालं. पण तसं नाही. या रस्त्यावर आणखी तीन फाटकं आहेत.

पहिलं फाटक : अभ्यास

अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ मुख्यतः एनसीएए ही संस्था चालवते. तिच्या डिव्हिजन वन, टू आणि थ्री अशा तीन पायऱ्या आहेत. डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर शाळेत भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे 16 मुख्य अभ्यासक्रम पूर्ण झालेले लागतात आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 सरासरी लागते. हा हिशेब नववीपासून सुरू होतो. आपल्याकडे 'नववीचे मार्क कोण विचारतंय?' असं सर्रास म्हणतात. इथे मात्र ते विचारले जातात. म्हणून नववीची गुणपत्रिका रद्दीत टाकू नका.

प्रशिक्षकांशी बोलण्यालाही वेळ ठरलेली आहे. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलांनाच कॉलेजं तोंडी शब्द देऊन टाकत. म्हणून 2017 मध्ये नियम झाला की डिव्हिजन वनच्या लॅक्रॉस प्रशिक्षकाने अकरावीच्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपूर्वी खेळाडूशी बोलायचं नाही. तेव्हा त्याआधी पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं नाही, तर खट्टू होऊ नका.

दुसरं फाटक : पैसा

'स्पोर्ट्स स्कॉलरशिप' म्हटलं की घरच्यांना वाटतं, सगळं फुकट. जरा गणित करू. 2025 पर्यंत डिव्हिजन वनच्या एका पुरुष लॅक्रॉस संघाला जास्तीत जास्त 12.6 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच मदत देता येत असे. संघात 45 खेळाडू धरले आणि ती सारखी वाटली, तर एकाच्या वाट्याला किती येते? 12.6 भागिले 45, म्हणजे 0.28. पाव भागाहून थोडीच जास्त! बाकीचा खर्च घरून. आता बऱ्याच मोठ्या कॉलेजांसाठी ही मर्यादा उठली असून संघात 48 च खेळाडू ठेवायचं बंधन आलं आहे. म्हणजे मदत वाढू शकते, पण जागा मोजक्याच.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांच्या आयव्ही लीगमध्येही ती नसते. तिथे मदत मिळते ती घरची परिस्थिती पाहून, आणि डिव्हिजन थ्रीत अभ्यासातल्या गुणांवरही. म्हणून कर्ज काढण्याआधी आई-बाबांनी कॉलेजकडून आकडा लेखी घ्यावा.

तिसरं फाटक : नियम

आता गेट बंधूंकडे परत येऊ. 1990 च्या अंतिम सामन्यात सिराक्यूजने लॉयोलाला 21-9 असं हरवलं. त्या मोसमात ते एकही सामना हरले नव्हते. पण पुढे चौकशी झाली. पॉलच्या कारच्या कर्जाला प्रशिक्षकांच्या पत्नीने हमी दिली होती. खेळाडूला असा खास फायदा देणं नियमात बसत नव्हतं. पॉल अपात्र ठरला आणि एनसीएएच्या नोंदीतून ते विजेतेपदच काढून टाकलं गेलं. मैदानावर ज्यांना कुणी हरवू शकलं नाही, त्यांचं विजेतेपद एका कर्जाच्या कागदाने नेलं.

परक्या देशात कुणी प्रेमाने मदत करतं, आपण 'थँक यू' म्हणून घेतो. खेळाडूने आधी कॉलेजच्या नियम पाहणाऱ्या कार्यालयात विचारायचं, मग हो म्हणायचं. विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला तर आणखी जपावं लागतं. पूर्ण वेळ शिकावं लागतं, आणि बाहेर नोकरी किंवा कमाई करण्यावर कडक बंधनं असतात. अमेरिकन साथीदार जाहिरात करून पैसे मिळवतो म्हणून आपणही मिळवावेत, असं चालत नाही.

थोडक्यात

काठीमुळे प्रशिक्षकाची नजर तुमच्यावर पडते. प्रवेश मिळतो तो गुणपत्रिकेमुळे, आणि तिथे टिकता येतं ते नियम पाळल्यामुळे. खेळ कुठलाही असो, सरावाच्या वहीशेजारी कागदपत्रांची एक फाइल आजच सुरू करा.

स्वाध्याय

1. बॉक्स लॅक्रॉसचा सराव गेट बंधूंना मैदानी खेळात का उपयोगी पडला?
2. 12.6 शिष्यवृत्त्या 36 खेळाडूंत सारख्या वाटल्या, तर एकाला किती भाग मिळेल?
3. पॉलच्या चुकीमुळे सगळ्या संघाचं विजेतेपद जावं, हे तुम्हाला योग्य वाटतं का? पाच-सहा वाक्यांत तुमचं मत लिहा.