मोटारीतील प्राणवायू-संवेदक : पारख आणि बदल

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि विझत नाही. गाडी वरकरणी बरी चालते. पेट्रोल थोडे अधिक लागते, एवढेच. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला निदान-यंत्र जोडून पाहिले, तर एक सांकेतिक क्रमांक मिळतो व त्याच्या खुलाशात 'ऑक्सिजन सेन्सर' हे शब्द असतात. तेवढ्यावरून तो भाग निकामी झाला असे ठरवून नवा आणला जातो, आणि काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागला म्हणून मालक चकित होतो. हा भाग घरी बदलणे फारसे अवघड नाही. तो बदलण्याची खरोखर गरज आहे काय, हे ओळखणे अधिक अवघड आहे, आणि त्यासाठी संवेदकाचे कार्य आधी समजून घेणे आवश्यक आहे.

एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. हवा याहून कमी पडली तर अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन बाहेर पडते. ती अधिक झाली तर प्राणवायू शिल्लक राहतो. या शिल्लक प्राणवायूचा माग संवेदक घेतो. त्याचे टोक धूर वाहून नेणाऱ्या नळीत असते व ते झिर्कोनियम ऑक्साइड या चिनीमातीसारख्या पदार्थाचे बनवलेले असते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर या पदार्थातून प्राणवायूचे आयन वाहू लागतात. एका बाजूला बाहेरची हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. या दोहोंतील तफावतीमुळे विद्युत्-दाब निर्माण होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ साली मांडलेल्या समीकरणाचाच हा उपयोग होय. धुरात प्राणवायू जवळजवळ नसेल तर दाब ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. शिल्लक असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. मधली स्थिती फारशी टिकत नाही. संगणक हा दाब पाहून पेट्रोल किंचित वाढवतो, मग किंचित घटवतो, आणि म्हणून निरोगी संवेदकाचा दाब सतत वरखाली हेलकावे घेत असतो.

अशा संवेदकाचा मोटारीत पहिला नियमित वापर १९७६ साली झाला. बॉश कंपनीने बनवलेला हा भाग अमेरिकेत पाठवल्या जाणाऱ्या व्होल्व्हो मोटारींना बसवण्यात आला. धुरातील विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा उत्प्रेरक परिवर्तक हवा व इंधन यांचे प्रमाण अचूक असेल तरच नीट काम करतो, आणि ते प्रमाण राखण्यासाठी संवेदकाची गरज पडली. भारतात एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. शिसे हे परिवर्तक व संवेदक या दोघांचेही विष असल्यामुळे त्याबरोबर शिसेरहित पेट्रोलही आणावे लागले. २००० सालच्या फेब्रुवारीपासून ते देशभर लागू झाले. पुढे कार्ब्युरेटर मागे पडून इंधन-फवारणीच्या मोटारी रूढ झाल्या व संवेदक घरोघरच्या गाड्यांत पोहोचला. येथे हेही सांगितले पाहिजे, की इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा तुलनेने कमी लागते. संवेदकाला १४.७ हा आकडा ठाऊकच नसतो. तो केवळ उरलेला प्राणवायू पाहतो. म्हणून असे पेट्रोल भरले तरी संगणक बऱ्याच अंशी आपोआप जुळवून घेऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. संवेदक हा साक्षीदार आहे, आणि साक्ष अप्रिय असली म्हणजे साक्षीदार खोटा ठरत नाही. समजा, एका सिलिंडरमधील स्पार्क प्लग ठिणगीच देत नाही. त्या सिलिंडरमधून पेट्रोल आणि प्राणवायू दोन्ही न जळता बाहेर पडतात. संवेदकाला त्यांतील प्राणवायू तेवढा कळतो, आणि इंधन कमी पडत आहे अशी त्याची खूण जाते. ती प्रमाण मानून संगणक पेट्रोल वाढवतो. हे जादा पेट्रोल परिवर्तकात जाऊन जळते, तो लाल होईपर्यंत तापतो आणि त्याच्या आतील जाळी वितळू शकते. परिवर्तकात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असल्यामुळे त्याची किंमत संवेदकाच्या कित्येक पट असते. दोष प्लगचा, आणि बदलला जातो संवेदक! संवेदकाच्या अलीकडे धूर-नळीच्या सांध्याला चीर पडली असेल तरी असाच घोटाळा होतो, कारण तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सांध्याजवळ काजळीचा काळा डाग आणि थंड इंजिन सुरू करताना येणारा टिकटिक आवाज या त्याच्या खुणा होत.

म्हणून सांकेतिक क्रमांक नीट वाचावा. 'पी ०१३५' हा क्रमांक संवेदकातील तापक-तारेच्या मंडलाविषयी आहे. येथे संशय रास्त ठरतो, तरी त्या मंडलाचा फ्यूज प्रथम पाहावा. 'पी ०१७१' मात्र मिश्रणात इंधन कमी असल्याचे सांगतो, संवेदक बिघडल्याचे नव्हे. 'पी ०४२०' परिवर्तकाच्या कार्यक्षमतेविषयी आहे. बहुतेक गाड्यांत दोन संवेदक असतात, एक परिवर्तकाच्या आधी व एक नंतर. क्रमांक कोणत्या संवेदकाचा आहे हेही तपासावे.

तापकाची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद व थंड असताना संवेदकाचा जोड सोडवावा आणि तापकाच्या दोन तारांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. या दोन तारा बहुधा एकाच रंगाच्या असतात. रोध थोड्या ओहमांचा आला तर तापक शाबूत आहे. मीटरने काहीच दाखवले नाही तर तार आत तुटली आहे. नंतर जोड पूर्ववत लावून, पूर्ण तापलेले इंजिन मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर ठेवावे आणि खुणेच्या तारेवरील दाब पाहावा. एखादी निर्वात नळी क्षणभर सैल केली की दाब खाली यावा. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की वर जावा. दाब असा तत्परतेने हलत असेल तर संवेदक जिवंत आहे व दोष अन्यत्र शोधावा. काही गाड्यांतील विस्तृत पल्ल्याच्या संवेदकांना मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. त्यांचे मोजमाप निदान-यंत्रावरच पाहावे. ही तपासणी मोकळ्या जागेतच करावी. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातील वाहनतळावर इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

संवेदक खरोखरच गेला असेल तर त्याच गाडीसाठी, त्याच क्रमांकाचा भाग आणावा. तारा कापून जोडण्याचे 'सर्वांना चालणारे' संवेदक शक्यतो टाळावेत. अनेक संवेदकांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच मिळते, आणि डाख दिल्याने ती वाट बुजते.

काढण्याचे काम इंजिन कोमट असताना करावे, हातमोजे घालून. पूर्ण थंड धातूत आटे घट्ट धरून बसतात आणि तापलेल्या नळीने हात भाजतो. मुंबई, कोची, चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरांत खाऱ्या हवेने हा भाग विशेष गंजतो. तेथे गंज सैल करणारे तेल आदल्या रात्री लावून ठेवणे शहाणपणाचे. तेल लावताना आणि पाना चालवताना इंजिन बंदच हवे. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नये. पक्के आधार लावावेत. पाना बहुधा २२ मिलिमीटरचा लागतो. तारेसाठी एका बाजूने चिरलेला सॉकेट मिळाल्यास उत्तम, कारण साधा पाना घसरून कडा झिजल्या की काम कारागिराकडेच न्यावे लागते. भाग थोडा सुटून पुन्हा अडला तर जोर न करता उलट फिरवावा, तेल द्यावे, पुन्हा सोडवावा. नळीतील आटे गेले तर झालेली बचत फुकट जाते.

नवा संवेदक हातातून पडू देऊ नये. आतील चिनीमाती तडकते व बाहेरून काही दिसत नाही. आट्यांना आधीच लेप लावलेला असतो. नसेल तर उष्णता सोसणारा, संवेदकासाठीचाच लेप केवळ आट्यांना लावावा, टोकाला मुळीच नाही. सिलिकोनयुक्त लेप किंवा फवारे जवळ आणू नयेत. प्रथम हाताने फिरवून आटे सरळ लागल्याची खात्री करावी, मग आवळावे. १८ मिलिमीटरच्या आट्यांसाठी साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर इतका जोर असतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. तार पिळू देऊ नये व तप्त नळीपासून दूर बांधावी. शेवटी संकेत पुसून गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवावी आणि पुन्हा वाचन घ्यावे.

जुना संवेदक लगेच फेकू नये. त्याच्या टोकावर कोरडी काळी काजळी असेल तर इंजिनाला पेट्रोल जास्त मिळत आहे. तेलकट तपकिरी थर असेल तर सिलिंडरमध्ये वंगण जळत आहे. पांढरा, खरखरीत थर दिसला तर शीतक-द्रव ज्वलनकक्षात झिरपत असण्याचा किंवा सिलिकोनचा संशय घ्यावा. अशा स्थितीत ते मूळ कारण दूर होईपर्यंत नवा संवेदकही त्याच वाटेने जाणार.