मागचे पाय ओढणारा मोती

प्रश्न : रानडुकराने उडवल्यापासून आमचा कुत्रा मोती मागचे पाय ओढतो. बारा दिवस झाले. पंजा चिमटला की पाय आखडतो, म्हणजे संवेदना आहे ना?
– एक वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

उत्तर : पाय आखडला एवढ्यावर विसंबू नका. ती प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूपर्यंत निरोप न पोचताही होते. बोटाचं हाड दाबल्यावर मोती मान वळवून बघतो, केकाटतो का, हे महत्त्वाचं. तसं असेल तर आशा बरीच आहे. ही तपासणी मात्र डॉक्टरच करतील.

एक्स-रेमध्ये मणका शाबूत दिसला, तरच त्याला चालवून बघा. गुळगुळीत फरशीवर नको, मातीच्या अंगणात. शेपटीच्या बुडाशी हलका आधार द्या आणि मागून मोबाईलवर चित्रण करा. पंजा उलटा पडून नखं घासतात का? पाय एकमेकांत अडकतात का? दहा पावलांत किती वेळा पायावर खरंच वजन येतं? मणक्याला इजा झालेल्या कुत्र्यांच्या चालीला गुण देण्याच्या ओल्बी आणि सहकाऱ्यांच्या २००१च्या ० ते १४ गुणांच्या पद्धतीतही वजन पेलण्यालाच मोठं महत्त्व आहे. दर आठवड्याला त्याच जागी चित्रण केलंत, तर सुधारणा डोळ्यांना दिसेल.

लघवी तुंबली असेल तर मात्र आजच निघा. फळीवर आडवा बांधून त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. पुढच्या तपासणीसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.