आमचा मोहाडी तालुका

आमच्या गुरुजींनी तालुक्याचा नकाशा काढायला सांगितला होता. तो काढताना मला जे कळले ते लिहितो.

मोहाडी तालुका भंडारा जिल्ह्यात आहे. जिल्ह्यात सात तालुके आहेत : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर. पूर्वी गोंदियासुद्धा आपल्याच जिल्ह्यात होते. १ मे १९९९ ला तो वेगळा जिल्हा झाला. उत्तरेला तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या टेकड्या व आंबागडचा किल्ला आहे. आपल्याकडे मात्र सपाट जमीन, बांध्या नि बोड्या. म्हणून धान पिकते. आंधळगावला कोशाचे कापड विणतात. रेल्वे स्टेशनाचे नाव भंडारा रोड, पण ते आहे आपल्या तालुक्यात, वरठीला! याची मला गंमत वाटते.

आपल्या बोलीला झाडीबोली म्हणतात. आजी डोळ्याला डोरा म्हणते आणि पाण्याला पानी. पुस्तकात तसे नसते.

आता वैनगंगा नदी. ती मध्य प्रदेशात शिवणी जिल्ह्यात उगम पावते. आधी उत्तरेकडे जाते, मग वळून बालाघाटवरून आपल्याकडे येते. पुढे तिला वर्धा नदी मिळते व तिचे नाव प्राणहिता होते. शेवटी ते पाणी गोदावरीला जाते. नदी आपल्या तालुक्याचे दोन भाग करते. करडीकडचे लोक पलीकडे राहतात. त्यांना तहसील कचेरीत किंवा पंचायत समितीत काम असले की नदी ओलांडून मोहाडीला यावे लागते.

ऑगस्ट २०२० मध्ये मोठा पूर आला. मी तेव्हा लहान होतो. आबाजी सांगतात, आपल्या गावात तेवढा पाऊस नव्हताच. पाऊस पडला मध्य प्रदेशात. तिकडची धरणे भरली, दारे उघडली आणि पाणी आपल्या बांधीत आले. रोवणी होऊन महिना झाला होता. धान पाण्याखाली बुडाले, वर गाळ बसला आणि सगळे सडले. मग साहेब लोक आले, त्यांनी बांधीवर उभे राहून पंचनामा लिहिला. तो कागद गावातून तहसीलदारांकडे व तेथून भंडाऱ्याला कलेक्टर साहेबांकडे जातो. आबाजींनी सातबाराची नक्कल दिली होती. त्या वर्षी आमच्या घरी तांदूळ विकत आणला. धानाच्या गावात तांदूळ विकत, असे आजी अजून म्हणते.

मी गुरुजींना विचारले, तिकडचा पाऊस आपल्याला आधी कसा कळेल? ते म्हणाले, तिकडचे अधिकारी इकडच्या अधिकाऱ्यांना कळवतात, मग गावात दवंडी होते. नदीला राज्याची सीमा कळत नाही, पण निरोपाला दोन राज्ये ओलांडावी लागतात.

माझा नकाशा या लेखाच्या बाजूला लावला आहे. त्यात करडी लिहायची राहिली होती, ती नंतर पेनाने लिहिली आहे. नदी निळ्या रंगाने काढली आहे. आजीने पाहून सांगितले, "आनखी रुंद काढ." म्हणून एका जागी कागद ओला होऊन फाटला आहे.

— इयत्ता ४ थी