गोल्फचा स्विंग आणि त्याचा सराव

गोल्फमध्ये चेंडू आपल्या जागी स्वस्थ पडलेला असतो. फलंदाजाप्रमाणे अंगावर येणाऱ्या चेंडूचा अंदाज घेण्याचे काम येथे नाही आणि प्रतिस्पर्धी त्याला हातही लावीत नाही. असे असूनही हा स्थिर चेंडू सरळ मारणे इतके अवघड का जावे, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर काही अंशी काळाच्या हिशेबात आहे. (या खेळात चेंडू मारण्याच्या साधनालाही ‘क्लब’ म्हणतात आणि खेळाडूंच्या संस्थेलाही. घोटाळा टाळण्यासाठी येथे साधनाला ‘काठी’ म्हटले आहे. तिच्या टोकाचा जड भाग म्हणजे ‘डोके’ आणि डोक्याची चेंडूला भिडणारी बाजू म्हणजे ‘तोंड’.)

काठीचे डोके आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागापुरता टिकतो. आघाताची जाणीव हातांपासून मेंदूपर्यंत पोचते तेव्हा चेंडू काठी सोडून बराच पुढे गेलेला असतो. डोक्याच्या वर गेलेली काठी खाली चेंडूपर्यंत येण्यास निष्णात खेळाडूला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि काहीतरी चुकते आहे हे ओळखून स्नायूंना नवी आज्ञा देण्यास माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ हवा असतो. याचा अर्थ असा की, काठी एकदा खाली येऊ लागली म्हणजे जाणीवपूर्वक दुरुस्ती करण्यास वाव उरत नाही. जे काही सुधारावयाचे ते आधी, सरावात, सुधारलेले असले पाहिजे. मैदानावर ऐन वेळी मनाशी उजळणी केलेल्या सूचना बहुधा निरुपयोगी ठरतात त्या याच कारणाने.

मग सरावात पाहावयाचे काय? पुष्कळ शिकाऊ खेळाडू स्वतःच्या कोपराकडे, गुडघ्याकडे आणि मानेकडे पाहतात. वास्तविक सर्वांत प्रामाणिक साक्षीदार चेंडू आहे. तो कोणत्या दिशेने निघाला आणि पुढे कोणीकडे वळला, या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचावयास शिकले पाहिजे. जुनी शिकवण अशी होती की, काठी ज्या मार्गाने येते त्या दिशेने चेंडू निघतो. रडारच्या साहाय्याने चेंडूचे उड्डाण मोजणारी यंत्रे आल्यावर हे मत मागे पडले. चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यत्वे काठीच्या तोंडावर अवलंबून असते. आणि चेंडू डोक्याच्या मध्यावर लागला असेल तर त्याचे पुढचे वळण तोंडाची दिशा व काठीचा मार्ग यांतील फरकातून उत्पन्न होते.

उजव्या हाताने खेळणाऱ्या एखाद्या नवशिक्याचे उदाहरण घ्या. त्याचा चेंडू डावीकडे निघतो आणि हवेत उजवीकडे वळत जातो. याला ‘स्लाईस’ म्हणतात, आणि नवशिक्यांची ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो मनुष्य आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे काठीचा मार्ग अधिकच डावीकडे झुकतो, तोंड मात्र लक्ष्य शोधत उजवीकडे उघडे राहते, दोहोंतील अंतर वाढते आणि वळण पूर्वीपेक्षा मोठे होते. असा खेळाडू जितका अधिक सराव करील तितका त्याचा दोष घट्ट होत जाईल. त्याने आधी डाव्या हाताची पकड तपासावी. वरून पाहताना त्या हाताच्या बोटांची दोन-तीन पेरे दिसतात की एखादेच, हे पाहावे. एखादेच दिसत असेल तर हात काठीवर किंचित उजवीकडे फिरवून घ्यावा. हा बदल पहिले काही दिवस अत्यंत अस्वाभाविक वाटतो. ते वाटणे सहन करावे लागते.

पकडीतला बदल किती मोठा परिणाम घडवितो, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या बेन होगन यांचे आहे. होगन (जन्म १९१२) टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे कॅडी म्हणून, म्हणजे इतरांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहत, हा खेळ शिकले. त्यांचा दोष उलट होता: चेंडू जोराने डावीकडे वळे. १९३० मध्ये ते व्यावसायिक झाले, परंतु पहिले वैयक्तिक विजेतेपद त्यांना १९४० मध्ये मिळाले. मधल्या काळात त्यांनी केलेल्या सरावाच्या कथा सांगताना लोक तासांवर भर देतात. आमच्या मते महत्त्व तासांना नसून तपासणीला आहे. त्यांनी डावा हात काठीवर डावीकडे सरकविला, अंगठा आखडता घेतला आणि प्रत्येक बदलाचा परिणाम चेंडूच्या वळणात पाहिला. नवशिक्याला वर सांगितलेल्या उपायाच्या नेमका उलट असा हा उपाय आहे, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याचे औषध आपण घेऊ नये. १९४९ च्या मोटार अपघातात होगन यांची हाडे अनेक ठिकाणी मोडली. १९५० मध्ये त्यांनी अमेरिकन ओपन जिंकली आणि १९५३ मध्ये तीन प्रमुख स्पर्धा.

आता सरावाच्या पद्धतीकडे वळू. सराव-मैदानावर पन्नास चेंडूंची टोपली घेऊन एकाच काठीने एकाच दिशेने ते मारीत राहावयाचे, ही सर्वत्र रूढ रीत आहे. तिने समाधान लवकर मिळते. विसाव्या चेंडूनंतर फटके चांगले बसू लागतात. परंतु ते समाधान फसवे असू शकते. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी हाताच्या काही हालचाली दोन गटांना शिकविल्या. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने त्या आलटून-पालटून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. काही काळाने चाचणी घेतली तेव्हा दुसरा सरस ठरला. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांना बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसेसबाबत असेच आढळले. अगदी नवख्याने पहिले काही दिवस एकच फटका घोटावा, त्यास हरकत नाही. पुढे मात्र प्रत्येक चेंडूला काठी बदलावी, लक्ष्य बदलावे आणि दर वेळी पुन्हा नव्याने पवित्रा घ्यावा. मैदानावर लागोपाठ दोन सारखे फटके क्वचितच वाट्यास येतात.

लक्ष कोठे ठेवावे, हाही प्रश्न आहे. १९९९ मध्ये वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना गोल्फचा छोटा फटका शिकविला. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले, काहींना काठीच्या लंबकासारख्या झोक्याकडे. दुसऱ्या गटाचे चेंडू लक्ष्याच्या अधिक जवळ पडले.

आपल्याकडील कित्येक उत्तम खेळाडूंना सराव-मैदानाची चैन मिळालीच नाही. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर यांनी दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केली होती. शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा क्लबात (स्थापना १८२९) हिरवळीची निगा राखीत. मुलगा इतरांचे पाहून शिकला. २००८ मध्ये त्यांनी दिल्लीच्या मैदानावर इंडियन मास्टर्स जिंकली. तेथील खेळपट्टे अरुंद, दोन्ही बाजूंस दाट झुडपे. दोनशे मीटरच्या फटक्यात दिशा दोन अंशांनी चुकली तर चेंडू सुमारे सात मीटर बाजूला जातो, वळण वेगळेच. चौरसिया लांब मारणाऱ्यांपैकी नव्हेत. हिरवळीजवळचे छोटे फटके हे त्यांचे बळ. शिकाऊ खेळाडूने आपल्या सरावाचा निम्मा वेळ या छोट्या फटक्यांना द्यावा. त्यांत काठीच्या तोंडाचे ज्ञान सर्वांत लवकर होते आणि कमरेवर ताणही कमी पडतो. कंबर दुखू लागली की त्या दिवसापुरते थांबावे.

एक वही ठेवावी. आजच्या शेवटच्या दहा चेंडूंची नोंद त्यात करू नये, कारण तोवर अंग तापलेले असते आणि हात सरावलेला असतो. पुढच्या खेपेस आल्यावर, थोडे अंग मोकळे करून मारलेल्या पहिल्या दहा चेंडूंची करावी: किती कोठे निघाले, किती कोणीकडे वळले. महिन्याभरात या आकड्यांत फरक पडला नाही, तर चेंडूंची संख्या वाढविण्याआधी पकड पुन्हा तपासावी.