गव्हाचें पथ्य

पथ्य हा शब्द ऐकला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ताप, मऊ भात आणि मेतकूट हीं उभीं राहतात. चार दिवस सोसावयाचें आणि पांचव्या दिवशीं पुन्हां भरल्या ताटावर बसावयाचें, एवढाच पथ्याचा अर्थ बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु जें जन्मभर पाळावें लागतें आणि जें एका चिमटीनेंही मोडतें, असें पथ्य वांट्यास आलेले कित्येक लोक आपल्यामध्यें वावरत असतात. आमच्या घरांतील एक मुलगा त्यांपैकींच आहे. त्याच्यामुळें आम्हांस जें शिकावें लागलें तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

ह्या रोगाचें नांव सीलियाक. पोट ह्या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून तें आलें आहे. गहूं, जव आणि राय ह्या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. कणीक भिजविल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो गव्हांतील ह्या प्रथिनाचाच गुण होय. निरोगी मनुष्यास त्याची बाधा होत नाहीं. परंतु सीलियाक असणाऱ्याच्या शरीरांतील संरक्षक शक्ति त्यास शत्रु समजते, आणि त्याच्याशीं लढतां लढतां स्वतःच्याच लहान आंतड्यास जखमी करते. ह्या आंतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवेप्रमाणें सूक्ष्म अंकुर असतात. अन्नांतील सत्त्व शोषून घेणें हें त्यांचें काम. ते झिजून सपाट झाले म्हणजे मनुष्य पोटभर जेवूनही उपाशी राहतो. कोणास जुलाब होतात, कोणाचें पोट फुगतें, कोणाची वाढ खुंटते. तर कोणाच्या अंगांत केवळ रक्त कमी होतें आणि पोटाची तक्रार मुळींच नसते. हा रोग संसर्गानें पसरत नाहीं. तो अगदीं विरळा आहे असेंही नाहीं; उत्तर भारतांत, जेथें गहूं हें मुख्य अन्न, तेथें शंभरांत सुमारें एकास तो असल्याचें पाहणींत आढळलें आहे.

ह्या विकाराचें नेमकें वर्णन लंडन येथील डॉक्टर सॅम्युअल गी यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलें. रोगी बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेंच होईल, असें त्यांचें मत होतें. परंतु दोष कोणत्या अन्नाचा, हें त्यांस उमगलें नाहीं. तें कोडें हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनीं सोडविलें. गव्हाविषयीं त्यांस पूर्वींपासूनच संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, हॉलंडमध्यें अन्नाचा भयंकर तुटवडा पडला व पाव मिळेनासा झाला. त्या दुष्काळांत ह्या रोगाचीं मुलें सुधारल्याचें, आणि पाव पुन्हां मिळूं लागतांच तीं परत आजारी पडल्याचें सांगतात. पुढें पद्धतशीर प्रयोग करून १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत डिके यांनीं गव्हाचा दोष दाखवून दिला. तेव्हांपासून आजपर्यंत गव्हाचें पथ्य हाच ह्या रोगावरील मुख्य उपाय राहिला आहे. म्हणजे रोग्याचें औषधालय कोणतें, तर घरचें स्वयंपाकघर आणि वाण्याचें दुकान.

महाराष्ट्रांतील मनुष्यास वाटेल, यांत कठीण तें काय? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, मका यांपैकीं कशांतही हें अपायकारक प्रथिन नाहीं. ज्या भाकरीस आपण गरिबाचें अन्न म्हणून कमी लेखिलें, तीच येथें संजीवनी ठरते. आम्हीही असेंच समजलों, आणि पोळी बंद करून भाकरी सुरू केली. परंतु तीन महिने झाले तरी मुलाचें वजन वाढेना. तेव्हां डॉक्टरांनीं विचारलें, "ज्वारी दळतां कोठें?" त्या एका प्रश्नानें आमचे डोळे उघडले. ज्या गिरणींत आमची ज्वारी पडे, तींतूनच क्षणभरापूर्वीं शेजाऱ्यांचा गहूं निघालेला असे! दोष गिरणीवाल्याचा नव्हता. अज्ञान आमचें होतें. त्या दिवसापासून ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून आम्ही घरच्या लहान चक्कींत दळूं लागलों. परात, चाळण, तवा, पोळपाट हीं सर्व मुलासाठीं निराळीं ठेविलीं. ज्या तेलांत पुऱ्या तळल्या, त्यांत त्याचे पापड तळणें सोडलें.

तरीही कोठें तरी चुकत होतें. अखेर एके दिवशीं फोडणीच्या हिंगाची डबी हातांत घेऊन तिच्यावरील बारीक अक्षरें वाचलीं. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून बाजारांतील बांधानी हिंगांत डिंक व पीठ मिसळतात. आमच्या डबींतील पीठ गव्हाचें होतें! ज्या वरणास आम्ही सर्वांत निर्धोक समजत होतों, त्यांतूनच रोज चिमूटभर अपथ्य होत होतें. तांदुळाचें पीठ घातलेला हिंग आणिल्यावर मुलाची प्रकृति सुधारूं लागली.

तेव्हांपासून दुकानांत जाणें म्हणजे आम्हांस परीक्षेस बसण्यासारखें झालें आहे. गहूं आपल्या नांवानें क्वचितच भेटतो. रवा, मैदा, दलिया, शेवया हीं त्याचींच रूपें. खपली हाही गहूंच. मुलांस शक्ति यावी म्हणून जीं माल्टयुक्त पेयें देतात, त्यांतील माल्ट बहुधा जवाचा असतो. सोया सॉसमध्यें बहुधा गहूं असतो; थालिपिठाच्या भाजणींतही अनेक घरीं तो घालतात. ओट हें धान्य निराळें खरें, परंतु शेतांत व कारखान्यांत त्यांत गहूं सहज मिसळतो. वेष्टणांतील पदार्थांत असें धान्य असल्यास तसें छापणें भारतीय कायद्यानें आवश्यक आहे. आणि ज्यावर 'ग्लूटेनमुक्त' असें लिहावयाचें, त्यांत एका किलोग्रॅममागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाहीं. परंतु सुट्या फरसाणास व मिठाईस वेष्टण कोठलें? तेथें विचारणें हाच मार्ग, आणि नीट उत्तर मिळालें नाहीं तर न घेणें हाच शहाणपणा. ग्लूटेनमुक्त बिस्किटें मिळतात, पण तीं महाग असतात. आम्हांस सोपा वाटतो तो उपवासाचा जिन्नस : साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. एकादशी हा आमच्या घरीं सर्वांत निश्चिंतपणें जेवावयाचा दिवस!

परंतु गहूं ओळखण्यापेक्षां माणसांस समजाविणें कठीण. "एका घासानें काय होतें?" हा प्रश्न आम्हीं किती वेळां ऐकिला असेल! प्रसादाचा शिरा रव्याचा, ख्रिस्ती प्रभुभोजनांतील भाकर बहुधा गव्हाची, लग्नाच्या पंगतींत पुरी, वाढदिवसास केक. प्रत्येक ठिकाणीं ह्या मुलास 'नको' म्हणावें लागतें, आणि प्रत्येक 'नको'चा अर्थ लोक हट्ट किंवा लाड असा करितात. एकदां वर्गांत केक वाटला असतां त्यानें तो न खातां खिशांत घातला व घरीं येऊन मुकाट्यानें टाकून दिला. पुढील महिन्यांत त्याच्या एका मित्राचा वाढदिवस आला. त्या मित्रानें आईस सांगून सर्व वर्गासाठीं शेंगदाण्याची चिक्की आणविली. त्या दिवशीं आमचा मुलगा शाळेंतून धांवत घरीं आला आणि म्हणाला, "आज मींही खाल्लें!"

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाची वाढ खुंटली किंवा पोटाची तक्रार हटेना, तर स्वतःच्या विचारानें गहूं बंद करूं नये. आधीं डॉक्टरांकडून तपासणी करवावी. गहूं सोडल्यावर रक्ताची व आंतड्याची परीक्षा फसूं शकते. ज्यांस हा रोग वा गव्हाचा दुसरा विकार नाहीं, त्यांनीं पोळी सोडण्याचें कांहींच कारण नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, मधल्या सुटींत तुमच्या शेजारीं कोणी तुमच्या डब्यांतील घांस नाकारला, तर रागावूं नका, आग्रह करूं नका आणि हंसूं नका. "तुला काय चालतें?" एवढेंच विचारा. चिक्की आणणाऱ्या त्या मुलानें हेंच केलें होतें.